कापसाच्या गावातून निघालेली गाडी

आमच्या पडवीत एक पांढरी मारुती ८०० उभी आहे. १९९३ साली द्राक्षाचे पैसे हातात आले, तेव्हा अण्णांनी ती नाशिकहून जुनीच विकत आणली. गावाच्या वेशीवर मारुती होताच, आता दारातही आला, असे म्हणून आईने तिला हळदकुंकू वाहिले आणि चाकाखाली लिंबू ठेवले. त्या गाडीने आमच्या घरचे काय काय वाहिले याचा हिशेब नाही. मागची सीट काढली की द्राक्षाचे क्रेट बसत. सीट लावली की लग्नाला जाणारी नऊ माणसे बसत. गल्लीतल्या तीन सुनांना रात्री-अपरात्री तालुक्याच्या दवाखान्यात तिनेच पोचवले. एकदा भर पावसात काळ्या रानात रुतली, पण त्यात गाडीचा काय दोष? त्या रानात बैल रुततो.

आता अण्णा नाहीत, आणि गाडीचे कागदही संपले आहेत. भंगारवाला दर दोन महिन्यांनी येऊन विचारतो, मी दर वेळी ‘पुढल्या खेपेला बघू’ म्हणतो. मला एकच मुलगी. ती इंजिनिअर झाली आणि नोकरीसाठी जपानात गेली. गावाचे नाव तिने फोनवर सांगितले, हामामात्सू. मला ते दोनदा विचारावे लागले. मग ती हसून म्हणाली, “बाबा, आपल्या गाडीचं माहेर आहे ते. सुझुकी इथलीच.”

म्हणून २०२५ च्या जानेवारीत, कांद्याची लागण उरकून, मी तिच्याकडे पंधरा दिवस जाऊन आलो.

टोकियोहून हामामात्सूला जलद गाडीने दीडएक तास लागतो. उजव्या हाताला फुजीचा बर्फाळ डोंगर दिसतो, मग चहाचे मळे लागतात. कंगव्याने भांग पाडावा तशा चहाच्या ओळी. हे गाव टोकियो आणि ओसाका यांच्या मधोमध, समुद्राकाठी आहे. वस्ती पावणेआठ लाखांच्या आसपास. बाहेरच्या माणसाला नवल वाटते ते असे, की सुझुकी इथली, यामाहाचे पेटी-पियानो इथले, आणि होंडा कंपनीचे मूळपुरुषही याच मुलखातल्या एका लोहाराचे चिरंजीव. टोयोटा ज्यांच्या घराण्यातून निघाली ते साकिची टोयोदा शेजारच्या कोसाईचे, सुताराचे पोर. जमिनीत असे काय पुरले आहे, असे मी मुलीला विचारले. ती म्हणाली, “कापूस.”

खरेच तसे आहे. हा मुलूख पूर्वी कापसाचा. घरोघरी माग. मागाला सुतार लागतो, सुताराला चांगले लाकूड लागते, आणि लाकडाच्या मागाला हळूहळू लोखंड लागू लागते. एकदा लोखंडाशी हात खेळू लागला की माणूस कुठे थांबेल याचा नेम नाही.

मिचिओ सुझुकी १८८७ साली इथल्या एका खेड्यात शेतकऱ्याच्या घरी जन्मले. लहानपणी कापूस वेचला. चौदाव्या वर्षी सुताराकडे सात वर्षांच्या कराराने उमेदवारीला राहिले. १९०४ साली रशियाशी लढाई लागली, घरे बांधायचे काम बंद पडले, तेव्हा त्यांचा उस्ताद माग बनवू लागला. पोरगा तेही शिकला. करार संपल्यावर त्याने पायाने चालणारा एक माग तयार केला आणि तो पहिल्यांदा कोणाला दिला, तर आईला. आईची पाठ रोज मागावर वाकलेली त्याने पाहिली होती. १९०९ साली त्याने कारखाना काढला तो रेशमाचे किडे पाळायच्या शेडमध्ये. आपल्याकडे जालना-बीडकडची मंडळी आज तुतीवर रेशीम घेतात, त्यांना ती शेड डोळ्यांपुढे येईल.

हे सगळे सुझुकीच्या मुख्य कचेरीसमोरच्या संग्रहालयात पाहायला मिळते. आधी नाव नोंदवावे लागते, पैसे लागत नाहीत. तिसऱ्या मजल्यावर जुना लाकडी माग ठेवला आहे. आमची सासुरवाडी येवल्याची, त्यामुळे पैठणीचे माग मी पुष्कळ पाहिलेत. मी त्या मागापुढे बराच वेळ उभा राहिलो, तेव्हा तिथल्या मुलीला वाटले की मी चुकून मजला चुकलो. तिने अदबीने मोटारींकडे हात केला.

माग बनवणारा माणूस मोटारीकडे का वळला? कारण साधे आहे आणि मला ते फार पटले. माग एकदा विकला की पिढी-दोन पिढ्या चालतो. गिऱ्हाईक परत येत नाही. चांगले काम करणाऱ्याचे पोट चांगल्या कामानेच आटते. मिचिओंनी १९३७ च्या सुमाराला इंग्लंडची छोटी ऑस्टिन विकत घेऊन तिचा सांगाडा समजून घेतला होता. पण मग महायुद्ध आले. हामामात्सूवर बॉम्ब पडले, समुद्रातून तोफा चालल्या. युद्धानंतर पुन्हा माग, आणि १९५१ च्या सुमारास कापडाचा धंदाच बसला.

पुढची गोष्ट वाऱ्याची आहे. थंडीत इथे पश्चिमेकडून कोरडा, झोंबणारा वारा सुटतो. मिचिओंचे जावई शुन्झो सुझुकी यांना मासे धरायचा नाद. सायकलवर परत येताना या वाऱ्यापुढे पाय मारून ते दमले आणि सायकलला इंजिन लावले तर काय होईल, असे त्यांच्या मनात आले. जून १९५२ मध्ये ३६ सीसीचे इंजिन बसवलेली सायकल बाजारात आली. तिचे नाव ‘पॉवर फ्री’. हे पाटीवर वाचले तेव्हा मला गोष्ट रचलेली वाटली. दोन दिवसांनी मुलीबरोबर भाड्याच्या सायकलीवर त्याच वाऱ्याविरुद्ध निघालो, आणि अर्ध्या कोसात खाली उतरून सायकल ढकलू लागलो. तेव्हा शुन्झोंवर विश्वास बसला.

१९५४ साली कंपनीच्या नावात मोटार आली आणि १९५५ च्या ऑक्टोबरात ‘सुझुलाइट’ ही ३६० सीसीची चिमुकली गाडी निघाली. पुढच्या चाकांना जोर देणारी. त्या काळी हे धाडसच. जपान सरकारने लहान गाड्यांचा एक वेगळा वर्गच ठरवून दिला होता. त्यांना ‘केई’ म्हणतात, म्हणजे हलकी. इंजिन किती, लांबी-रुंदी किती, सगळे आखलेले. बदल्यात कर कमी. आज ती मर्यादा ६६० सीसीची आहे, लांबी ३.४० मीटर, आणि नंबरपाटी पिवळी. अरुंद गल्ल्या, तोकडी शेते आणि मोजके पैसे असलेल्या देशाने स्वतःच्या मापाचा कपडा शिवून घेतला, असे मला वाटले.

मिचिओंच्या घरात मुलीच्या नवऱ्याने सासऱ्याचे आडनाव घ्यायचे आणि धंदा सांभाळायचा, असे दोन पिढ्या चालले. शुन्झो तसेच, आणि ओसामू सुझुकीही तसेच. ओसामू गिफूकडच्या गेरो गावचे, शेतकऱ्याचे चौथे पोर. १९७८ साली ते कंपनीचे प्रमुख झाले. असे सांगतात, की कारखान्याच्या आवारात कामगारांच्या गाड्या उभ्या होत्या, त्यांत छोटे ट्रक फार दिसले. ट्रक घेऊन कामाला का येता, तर कामगार म्हणाले, घरी भाजीपाला वाहायलाही तोच होतो. यातून १९७९ ची ‘आल्टो’ निघाली. मालवाहू म्हणून नोंदली, त्यामुळे एक मोठा कर वाचला आणि किंमत ४ लाख ७० हजार येन एवढीच ठेवता आली. नावाची फोड ओसामूंनी जपानीत अशी केली: ‘आरु तोकी वा’, म्हणजे एखाद्या वेळी. एखाद्या वेळी कामाला, एखाद्या वेळी बाजाराला, एखाद्या वेळी फिरायला. आमच्या अण्णांना हे ऐकायला मिळायला हवे होते.

याच गाडीचे भावंड आपल्याकडे आले. भारत सरकारच्या मारुती उद्योगाशी २ ऑक्टोबर १९८२ रोजी करार झाला, तेव्हा सरकारचा वाटा ७४ टक्के आणि सुझुकीचा २६. त्याच महिन्याच्या २७ तारखेला म्हातारे मिचिओ वारले. आईसाठी माग करणाऱ्या माणसाने जाता जाता कंपनीची बैलगाडीच्या देशाशी सोयरीक झालेली ऐकली असेल का, कोण जाणे. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींनी इंडियन एअरलाइन्सच्या एका कर्मचाऱ्याच्या हाती पहिली किल्ली दिली. नंबर लावणारे लाखाच्या वर होते. पुढे कारखान्यात साहेब आणि कामगार एकाच कपड्यात, एकाच खानावळीत जेवू लागले, तोही ओसामूंचा हट्ट. ८०० गाडी जानेवारी २०१४ पर्यंत निघत राहिली. ओसामू २०२४ च्या नाताळच्या दिवशी ९४ व्या वर्षी गेले. मी पोचलो त्या महिन्यात आपल्या सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर केले.

पण वाचकहो, मला गाड्यांपेक्षा जास्त आठवतो तो एक म्हातारा.

सुझुकीच्या कचेरीजवळचे स्टेशन ताकात्सुका. तिथून पश्चिमेला शिनोहारा म्हणून भाग आहे. समुद्र हाकेवर, जमीन रेताड, आणि पीक कांद्याचे! जानेवारीतच तिथला नवा पांढरा कांदा बाजारात येतो. निफाड तालुक्यातला माणूस हे ऐकून घरी कसा बसेल? आम्ही वाऱ्याविरुद्ध सायकली ढकलत निघालो होतो ते तिकडेच. एका शेताच्या बांधावर ८४ वर्षांचे एक आजोबा कांदे उपटून ओळीने मांडत होते. शेजारी त्यांची ‘कॅरी’ उभी, पांढरी, पंचवीस वर्षांची. मी कांदा हातात घेऊन नखाने पापुद्रा काढला, तशी त्यांनी ओळखले, की हा आपल्यातला आहे. कांदा तिथेच फोडून दिला. आमच्या लालसारखा झणका नाही, अलिबागच्या पांढऱ्याच्या वळणाचा, गोडसर.

मुलगी मध्ये बोलत होती, तरी निम्मे हातांनीच कळत होते. आजोबांनी ट्रकच्या तिन्ही बाजूंच्या फळ्या पाडून दाखवल्या. कायद्याने ३५० किलो माल, म्हणजे त्यांच्या हिशेबाने तीस किलोची भाताची अकरा पोती. चाक वाळूत फिरू लागले तर दोन्ही चाके एकदम धरणारी एक खटकी आहे, ती त्यांनी पोराच्या कौतुकाने दाबून दाखवली. मी विचारले, गाडी कशी आहे? ते म्हणाले, “बायको रागावते, ही रागावत नाही.” खाऱ्या वाऱ्याने पत्रा कडेला खाल्ला होता, तिथे त्यांनी स्वतः रंग फासला होता. दर दोन वर्षांनी सरकारी तपासणी होते, त्यात अजून पास होते म्हणे. मीही आमच्या पांढरीचे सांगितले, क्रेटचे, नऊ माणसांचे. नऊ आकडा मुलीने दोनदा सांगितला तरी त्यांना तो पटेना.

मग ते कांद्याची पात कापता कापता म्हणाले, की गाडी पास होते, पण आता मालकाची परीक्षा आहे. तिथे ७५ च्या पुढे परवाना नवा करायचा तर स्मरणशक्तीची चाचणी द्यावी लागते. पुष्कळ म्हातारे आपण होऊन परवाना परत करतात. मुलगा नागोयाला असतो, तो म्हणतो परत करा. बायकोही तेच म्हणते. “परवाना दिला की ट्रक गेला. ट्रक गेला की हे शेत गेलं. इथून घर दोन किलोमीटर. पाठीवर किती कांदे नेऊ?” जपानातल्या शेतकऱ्यांचे सरासरी वय ६७ च्या पुढे गेले आहे. अशी कितीतरी शेते एकेका परवान्याला टांगलेली असतील.

मग त्यांनी मला विचारले, तुमची शेती पुढे कोण बघणार?

हा प्रश्न माझ्यापर्यंत माझ्या मुलीच्या तोंडून आला. तिने तो सांगितला आणि माझ्याकडे न बघता वाकून कांदे गोळा करू लागली. मी काय उत्तर देणार? म्हणालो, “त्यांना सांग, अजून ठरलं नाही.” तिने ते सांगितले. त्याच्यापुढे तिने आपले आणखी काहीतरी सांगितले, चांगली चार-पाच वाक्ये. आजोबा मान हलवत राहिले. मी विचारले नाही.

निघताना आजोबांनी पिशवीभर कांदे दिले आणि मला स्टेशनवर सोडतो म्हणाले. ट्रकमध्ये पुढे दोनच माणसे बसतात. मी मुलीला म्हटले, बस की मागे हौद्यात, सायकलीही टाकू. ती म्हणाली, “बाबा, इथे पोलीस धरतात. तुमची सायकल टाका, मी माझ्या सायकलीवर येते.”

आजोबा दोन्ही हातांनी चाक धरून, सायकलस्वारालाही वाट देत, इतके सावकाश निघाले की मला आमचे अण्णा आठवले. दर वळणावर ते आधी थांबायचे, मग मान दोन्हीकडे पुरती वळवून बघायचे. वारा आता पाठीशी होता. भाताच्या कापलेल्या शेतांकडेने मुलीची सायकल भुर्रकन आमच्या पुढे निघून गेली. स्टेशनवर पोचलो तेव्हा ती कुलूप लावून उभी होती. आजोबांनी उतरून माझी सायकल खाली घेतली, ट्रकच्या टपावर दोनदा थाप मारली आणि मला काहीतरी म्हणाले.

“काय म्हणतात?” मी विचारले.

“म्हणतात, चाचणी एप्रिलमध्ये आहे. तोवर कांदा निघतो.”