आंधळ्याची काठी

वृद्ध आईबापांच्या एकुलत्या एका मुलाला आपण मराठीत ‘आंधळ्याची काठी’ म्हणतो. या म्हणण्यात कौतुक असते, भरवसाही असतो. पण त्या काठीला स्वतःचे दोन डोळे असतात, हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. मला ते जाणवले आंद्रे कर्तेस या हंगेरियन छायाचित्रकाराच्या एका जुन्या छायाचित्रामुळे. ते त्याने १९२१ साली आबोन्य या गावी घेतले. पुढे १९२५ मध्ये तो पॅरिसला गेला आणि जगद्विख्यात झाला. परंतु त्या काळात तो बुडापेस्टच्या शेअरबाजारात कारकुनी करीत होता, हे वाचून आम्हां कारकुनांना थोडे बरे वाटते!

छायाचित्रात फारसे काही नाही. मातीचा रस्ता. मधोमध एक आंधळा जिप्सी वादक व्हायोलिन वाजवीत आहे. शेजारी त्याला वाट दाखविणारा मुलगा, आणि मागे रस्त्यातच एक लहानगे पोर. रोलाँ बार्त या फ्रेंच लेखकाने १९८० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या छायाचित्रणावरील ग्रंथात या चित्राविषयी लिहिले आहे. त्याला मोहविले ते त्या रस्त्याच्या मातीने. हंगेरी-रुमानियात पूर्वी पाहिलेली खेडी त्याला तीत ओळखू आली. माझी दृष्टी मात्र मातीवरून निघून त्या मुलापाशी थांबते.

त्या वादकापाशी सूर होते, पण हे चित्र तो कधीच पाहू शकला नसता. आपल्यापुढे चित्र आहे, पण त्यातला एकही सूर आपल्याला ऐकू येत नाही. ऐकणे आणि पाहणे ही दोन्ही वाट्याला आली ती एकट्या त्या मुलाच्या. वाडग्यात पडलेले नाणे आंधळ्यालाही ऐकू येते. खिशाकडे गेलेला आणि रिकामाच परतलेला हात ऐकू येत नाही. अर्ध्यावर लावून घेतलेले दार, चुकविलेली नजर, हे सारे अशा मुलांना दिसत असते. त्यातले बापाला किती सांगायचे आणि किती गिळून टाकायचे, हे त्या वयात त्यांना ठरवावे लागते. काठीचे खरे ओझे हेच.

परमुलखात नोकरी करणारे आपण पुष्कळजण अशाच कुणाच्या तरी काठ्या आहोत. पूर्वी पोस्टमन मनिऑर्डर घेऊन दारी जाई; आता रक्कम क्षणात खात्यात जमा होते. पैसा पोचतो, यात शंका नाही. परंतु रस्त्याने जाताना नाणे टाकणारे त्या वादकालाही भेटतच असतील. पुढे खड्डा आहे, जरा डावीकडून चला, असे हळूच सांगणारे माणूस मात्र हाताशीच असावे लागते; ते काम दुरून होत नाही.