हात आवरण्याची शुश्रूषा

आपल्या घरांतून शुश्रूषेची जी कल्पना रूढ आहे, ती थोडक्यांत सांगावयाची तर अशी: रोग्यास बोट हलवूं देऊं नये. घास त्याच्या तोंडांत घालावा, पेला ओठांशीं धरावा, कूस बदलावयाची झाली तरी चौघांनीं धांवावें, आणि आल्यागेल्यानें "काय सेवा करतात हो!" असें म्हटलें कीं घरच्यांनीं धन्य व्हावें. तीन वर्षांपूर्वींपर्यंत आमचीही समजूत याहून निराळी नव्हती. ती कशी मोडली, हें वाचकांस सांगावें असें वाटतें. कारण ही वेळ कोणत्याही घरावर येऊं शकते.

आमचे थोरले बंधू आप्पा यांनीं सारा जन्म शाळेंत गणित शिकविण्यांत घालविला. एके पहाटे त्यांस पक्षाघाताचा झटका आला. मेंदूच्या डाव्या भागास रक्त पुरविणारी वाहिनी तुंबली, आणि उजवा हात, उजवा पाय व वाचा अशीं तिन्हीं एकदम गेलीं. तीन आठवड्यांनीं घरीं आणलें तेव्हां डॉक्टर म्हणाले, प्राणावरचें संकट टळलें आहे. यापुढचें काम औषधापेक्षां शुश्रूषेचें. आम्हांस वाटलें, तें तर आम्हांस येतेंच! वहिनी, पुतण्या आणि आम्ही कंबर बांधून उभे राहिलों. आप्पांनीं नुसती नजर फिरवावी कीं पाणी हजर. परंतु महिन्याभरांत आप्पा अधिकच खचलेले दिसूं लागले, आणि एके दिवशीं माकडहाडावरची कातडी लाल होऊन तेथें जखम उघडली. आमचा तोरा तेव्हां उतरला, व पुनर्वसनाच्या शुश्रूषेचें शिक्षण घेतलेल्या एक परिचारिकाबाई घरीं येऊं लागल्या.

पहिल्याच दिवशीं वहिनी आप्पांस भरवीत होत्या. बाई क्षणभर पाहत राहिल्या आणि आप्पांस म्हणाल्या, "सर, वर्गांत मुलांचीं गणितें तुम्हीच सोडवून देत होतां का?" आप्पांनीं मानेनें नाहीं म्हटलें. "मग यांना सांगा, तुमचीं गणितें यांनीं सोडवूं नयेत." आप्पांच्या तोंडाची डावी बाजू हसली. झटक्यानंतरचें तें पहिलें हसूं. चमचा त्यांच्या डाव्या हातांत गेला. अर्धा भात सदऱ्यावर सांडला, वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलें. पण बाई जागच्या हलल्या नाहींत.

दुसरा प्रश्न त्यांनीं विचारला तो आम्हांपैकीं कोणास सुचला नव्हता. "सर, तुम्हांला सगळ्यांत आधीं काय स्वतः करतां यायला हवें आहे?" आप्पांनीं डावें बोट उचलून न्हाणीघराचें दार दाखविलें. शब्द नव्हता, परंतु अठ्ठावीस वर्षें ताठ मानेनें वर्गांत शिरलेल्या मनुष्यास दुसऱ्याच्या हातून स्वच्छ व्हावें लागण्याचें दुःख त्या बोटांत होतें. त्या दिवसापासून तें दार हेंच आमचें ध्येय ठरलें.

मग शिकवणी सुरू झाली, ती आमचीही. दर दोन तासांनीं कूस बदलावयाची, रात्रींसुद्धां. कारण एकाच जागीं भार राहिला कीं तेथील रक्तप्रवाह थांबतो आणि कातडी मरते. जेवतांना ताठ बसवावयाचें, घास लहान, तो धड बाजूच्या गालांत, व जेवणानंतर अर्धा तास आडवें होऊं द्यावयाचें नाहीं. नाहीं तर अन्न फुप्फुसांत उतरण्याचें भय. सदरा घालतांना लुळ्या हाताची बाही आधीं, काढतांना ती शेवटीं. खुर्ची नेहमीं धड बाजूस लावावयाची, म्हणजे उठून तिच्यावर बसणें सोपें जातें. लघवीसही ठराविक वेळेस बसवावयाचें, म्हणजे शरीरास पुन्हां वळण लागतें. न्हाणीघराचा उंबरा काढला, भिंतीस डाव्या हाताला येईल असा दांडा बसविला.

एकदां बाई नसतांना आम्हीं घाईनें आप्पांस लुळ्या हाताला धरून ओढून उठविलें. पक्षाघातांत खांद्याचे स्नायू सैल पडलेले असतात. त्या हिसक्यानें खांदा दुखावला तो सहा आठवडे दुखत राहिला. आम्ही ओशाळलों. बाई रागावल्या नाहींत, एवढेंच म्हणाल्या, "घाई कोणाला होती?"

हा प्रश्न आमच्या मनांतून अद्याप गेलेला नाहीं. पांच मिनिटांत भरवून झालें कीं आम्ही मोकळे. स्वतः जेवावयास आप्पांस पाऊण तास लागे. एक शब्द जुळवावयास त्यांस मिनिट लागे, तोंवर आम्हीच चार शब्द पुढें करीत असूं. ज्यास आम्ही सेवा म्हणत होतों, तिच्यांत प्रेम होतें खरें, पण त्याच्या आड आमचा उतावळेपणाही लपला होता.

या शास्त्राचा इतिहास पाहतां हेंच तत्त्व दिसतें. जर्मनींतून 1939 सालीं इंग्लंडांत आश्रयास आलेले डॉक्टर लुडविग गुटमन यांनीं 1944 मध्यें स्टोक मँडेविल येथें पाठीचा कणा मोडलेल्या सैनिकांसाठीं विभाग उघडला. तत्पूर्वीं असे रोगी बहुधा जखमा चिघळून वा मूत्रमार्ग दूषित होऊन मरत. गुटमन यांनीं दर दोन तासांनीं कूस बदलण्याचा कडक नेम घातला, आणि जखमा भरतांच रोग्यांस कामास व खेळास लावलें. 29 जुलै 1948 रोजीं, लंडनचे ऑलिंपिक सामने सुरू झाले त्याच दिवशीं, तेथें चाकांच्या खुर्च्यांवर बसून सोळा जणांनीं तिरंदाजीचा सामना खेळला. त्यांतूनच पुढें पॅरालिंपिक उदयास आलें. आणि 1965 च्या युद्धांत गोळ्या लागून जायबंदी झालेले आपल्या सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर यांनीं 1972 सालीं हायडेलबर्ग येथें पोहण्यांत सुवर्णपदक मिळविलें. अंथरुणावर त्यांचें सर्व कांहीं दुसऱ्यांनींच केलें असतें, तर तें पदक कोठून येतें?

याचा अर्थ रोग्यास वाऱ्यावर सोडावें असा नव्हे. जें त्यास खरोखर होत नाहीं तेथें हात पुढें करावा, जें होईल तेथें मागें घ्यावा, आणि जें उद्यां होईल तेथें एक बोटाचाच आधार द्यावा. हीं तीन ओळखणें हीच परिचारिकेची विद्या. आणि तिला आपल्या समाजांत अजून पुरता मान नाहीं, ही खेदाची गोष्ट होय.

पांचव्या महिन्यांत आप्पा दांडा धरून न्हाणीघरांत गेले आणि त्यांनीं आंतून दार लोटून घेतलें. वहिनी बाहेर भिंतीला टेकून उभ्या होत्या. आमच्यापैकीं कोणीच बोललें नाहीं.

उजवा हात परत आला नाहीं, आणि येईल असें आतां कोणी म्हणत नाहीं. बोलणें तुटक आहे. सदऱ्याचीं पांच बटणें डाव्या हातानें लावावयास आप्पांस अजून दहा मिनिटें लागतात. बाहेर जावयाचें असलें म्हणजे आम्ही पायांत वहाणा घालून दाराशीं थांबतों, आणि आमचे दोन्हीं हात पाठीमागें घट्ट धरून ठेवतों. तेवढी शुश्रूषा आम्हांस आतां जमूं लागली आहे.