गोदेची वहिवाट

कांद्याचे लिलाव आणि आगगाडीच्या वेळा यांवर ज्या गावाचा दिवस चालतो, त्या लासलगावात माझे बालपण गेले. आमच्या निफाड तालुक्यातूनच गोदावरी वाहते, नांदूर मधमेश्वरला कादवा तिला मिळते. तरी आम्हा मुलांची ‘गंगा’ म्हणजे वडीलधाऱ्यांचे बोट धरून, नाशिकरोडला उतरून गाठलेले नाशिकचे रामकुंडच होते.

पुढे नोकरीच्या निमित्ताने पंचवटीतच, एका जुन्या वाड्याच्या माडीवर, बिऱ्हाड झाले. अलीकडे काळारामाचा कळस, पलीकडे पेशवाईतला सरकारवाडा, बुधवारी घाटावर भरणारा बाजार, वरच्या अंगाला फिरावयास गोदापार्क. आणि प्रवासाची सोय म्हणावी तर निमाणीच्या स्थानकावरून नाशिकरोडची बस, व तेथून, १९७५ पासून मनमाड–मुंबई धावणारी, लासलगावलाही थांबणारी पंचवटी एक्सप्रेस. नाशिकरोड स्टेशनापासून नाशिक गावापर्यंत एके काळी घोड्यांची ट्राम चालत असे, हे वृद्धांच्या तोंडून ऐकताना या सुखसोयींचा वारसाही आपलाच आहे, असा किंचित अभिमान वाटे.

या अभिमानाची झडती पावसाळ्यात होई. नदीच्या पात्रात उभा असलेला दुतोंड्या मारुती हा नाशिककरांचा पूरमापक. पाणी त्याच्या गुडघ्याशी असेतो पोरे पूर पाहावयास पुलावर गर्दी करीत. कमरेशी आले की घाटावरचे टपरीवाले सामान हलवीत. आणि छातीच्या वर चढले की सराफ बाजारात, भांडी बाजारात माल माडीवर चढविण्याची एकच धांदल उडे. वसईच्या १७३९ च्या विजयाची निशाणी असलेली नारोशंकराच्या देवळातली घंटा पाण्यापासून किती दूर राहिली, याचीही चर्चा ओट्याओट्यांवर चाले. सप्टेंबर २००८ च्या महापुरानंतर पाणी ओसरले, तेव्हा घाटाच्या पायऱ्यांवरून फावड्याने ओढलेला चिकट काळा गाळ मी जवळून पाहिला. घरांचे खरेदीखत, महानगरपालिकेची नोंद, भाडेचिठ्ठी यांपैकी एकाही कागदाची त्या गाळाने भीड ठेवली नव्हती.

तेव्हापासून माझे मत कायम झाले आहे. काठावरच्या जमिनीचा उतारा कोणाच्याही नावे असो, पात्राची वहिवाट नदीचीच आहे, आणि पूररेषा ही त्या वहिवाटीची सरकारदरबारी झालेली उशिराची नोंद होय. घाट, उद्याने, बसगाड्या या सोयी नदीकाठी अवश्य असाव्यात. परंतु तेथे बिऱ्हाड थाटू पाहणाऱ्याने भाड्याची घासाघीस करण्यापूर्वी, गेल्या मोठ्या पुरात पाणी कोणत्या पायरीपर्यंत आले होते, एवढे शेजाऱ्याला विचारून घ्यावे.