दख्खनचा लाव्हा आणि माझं बदललेलं मत

डायनासोरांसकट पृथ्वीवरच्या सुमारे तीन-चतुर्थांश जाती कशाने संपल्या, या प्रश्नाला माझ्याकडे बरीच वर्षं एकच उत्तर होतं: आपल्या सह्याद्रीच्या लाव्ह्याने. 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या त्या संहाराच्या आधी आणि नंतरही दख्खनमध्ये उद्रेक चालू होते. आज उरलेला त्यांचा पसारासुद्धा सुमारे 5 लाख चौरस किलोमीटरचा आहे. महाबळेश्वरच्या कड्यांवर एकावर एक चढलेले थर पाहिले की, एवढ्या कातळाबरोबर किती कार्बन डायऑक्साइड आणि गंधकाचे वायू बाहेर पडले असतील, या विचारानेच मन दडपतं. समुद्र या वायूंनी आधीच आम्ल झाला होता, मेक्सिकोत चिक्शुलूबला आदळलेला लघुग्रह केवळ निमित्त ठरला, असं मी ठामपणे मांडत असे. प्रिन्स्टनच्या गर्टा केलर यांनी तर दख्खनची बाजू अनेक दशकं लावून धरली.

आता मी तसं मानत नाही, आणि याला कारण फोरॅमिनिफेरा. हे समुद्रातले एकपेशीय जीव, बहुतेक वाळूच्या कणाएवढे किंवा त्याहून लहान. त्यांची चुन्याची कवचं तळाशी साचतात. कवच घडताना भोवतालच्या पाण्याचं रसायन त्यात उतरतं: ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून तापमान कळतं, बोरॉनच्या समस्थानिकांवरून आम्लता.

इटलीत गुब्बियोजवळच्या चुनखडीत मातीचा एक पातळ थर आहे. त्याच्या खाली मोठी, नक्षीदार कवचं. वर अगदी बारीक, मोजक्या जातींची. तरंगत्या फोरॅमिनिफेरांच्या दहांतल्या नऊ जाती तिथे संपतात. हे मला ठाऊक होतं, पण त्यातून कारण ठरत नव्हतं. मग 2019 मध्ये मायकेल हेनेहन आणि सहकाऱ्यांचं बोरॉनवरचं काम वाचलं. संहाराआधी समुद्र हळूहळू आम्ल होत गेल्याची खूण त्यात नाही. सामू कोसळला तो आघातानंतर, एकदम. पुढच्याच वर्षी येलच्या पिन्सेली हल यांच्या गटाने दाखवलं की दख्खनच्या वायूंनी पृथ्वी सुमारे 2 अंशांनी तापली खरी, पण लघुग्रह येण्याआधीच ती पुन्हा निवलीही होती.

त्या तापलेल्या काळात प्लवकांनी काय केलं, हे मला सर्वांत मोलाचं वाटतं. उष्ण पाण्यातल्या काही जाती ध्रुवांच्या दिशेने सरकल्या. काहींची कवचं खुजी झाली. हा खुजेपणा नोंदवणाऱ्यांत स्वतः केलरही होत्या. त्या जाती वाकल्या, पण टिकल्या. हजारो वर्षांत पसरलेला बदल त्यांनी सोसला. काळोख आणि आम्लवर्षा घेऊन एकदम कोसळलेला आघात त्यांना सोसवला नाही. आघातानंतर समुद्र सावरायला वेळ लागला, त्यात दख्खनचा हात किती, हा वाद मात्र मी अजून उघडा ठेवतो.

म्हणून आता कुणी कार्बनबद्दल बोललं की मी आधी विचारतो, किती वर्षांत? औद्योगिक युग सुरू झाल्यापासून, म्हणजे जेमतेम अडीच शतकांत, समुद्राच्या पृष्ठभागाचा सामू सुमारे 0.1 ने उतरला आहे. त्या संहारानंतर तरंगत्या फोरॅमिनिफेरांच्या जातींची संख्या पूर्ववत व्हायला सुमारे 1 कोटी वर्षं लागली होती.