पिकतं तिथं

पिकतं तिथं विकत नाही, असं आपण सहज म्हणून जातो. गावातल्या हुशार पोराला गावात कुणी विचारत नाही, घरच्या वैद्याच्या औषधाला गुण येत नाही, सप्त्याला कीर्तनकार बाहेरगावचाच लागतो. म्हण सगळीकडे चपखल बसते, म्हणून तिची कुणी उलटतपासणी करत नाही. मला मात्र ती अलीकडे सोडत नाही, आणि तिच्या पाठोपाठ गोव्याचा एक माणूस मनात येऊन बसतो. फादर जोसेफ वाझ.

२१ एप्रिल १६५१ रोजी बाणावलीला, आजोळी, त्यांचा जन्म झाला. घर सांकवाळचं. १६७६ साली ते धर्मगुरू झाले. त्या काळी गोव्यात जेझुइट, फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन असे मोठमोठे संघ होते, पण एतद्देशीय माणसाला त्यांची दारं जवळजवळ बंदच असत. धर्म दिला, मठात जागा मात्र दिली नाही. तेव्हा काही गोवेकर धर्मगुरू जुन्या गोव्यातल्या चमत्कारी क्रुसाच्या चर्चपाशी आपले आपण एकत्र राहू लागले. १६८५ साली वाझ त्यांच्यात आले, त्यांचे प्रमुख झाले आणि रोमच्या संत फिलिप नेरी यांच्या ओरेटरीची शिस्त त्यांनी त्या घराला लावून दिली. ओरेटरीतले लोक मठवाशांसारखे व्रतं घेऊन बांधले जात नाहीत; पण एकत्र राहणं, प्रार्थना, साधी राहणी आणि लोकांत जाऊन काम, हे सगळं मठासारखंच.

घराची घडी नुकती बसत होती, आणि पुढच्याच वर्षी वाझ तिथून निघाले. ते लंकेला गेले.

लंकेचा किनारा तेव्हा डचांच्या ताब्यात होता आणि कॅथलिक धर्मगुरूंना तिथं बंदी होती. १६८७ साली एका सोबत्याला घेऊन, भिकाऱ्याच्या वेशात, ते जाफन्यात उतरले. अंगात ताकद उरली नव्हती. पोटाच्या दुखण्यानं ते मरणाच्या दारात जाऊन आले. पुढे १६९२ साली ते कँडीच्या राज्यात पोहोचले, तर पोर्तुगीजांचे हेर समजून त्यांना कैदेत टाकलं. राजा दुसरा विमलधर्मसूर्य बौद्ध होता. हळूहळू त्याची खात्री पटली आणि त्यानं या परक्या माणसाला राज्यात काम करायला मोकळीक दिली.

मग १६९७ साली कँडीत देवीची साथ आली. राजा राजधानी सोडून गेला, ज्यांना जमलं ते सगळे गेले. देवीच्या रोग्याला घरचे लोकही टाकून जात. हे आपल्याला परकं वाटू नये. आपल्याकडेही आजीच्या पिढीपर्यंत देवी आलेल्या घराच्या दाराला कडुलिंबाचा डहाळा लागे आणि त्या वाटेनं जाणारा पलीकडून जाई. वाझ आणि त्यांचे भाचे फादर कार्व्हालो मागं राहिले. ओस पडलेल्या घरांत त्यांनी रोग्यांना आणून ठेवलं. फोड फुटून अंगाला चिकटलेलं फडकं ओलं करून हळूच सोडवायचं, अंग पुसायचं, तोंडात पेज घालायची, आणि माणूस गेला तर खड्डा खणून त्याला मातीआड करायचं. हे काम रोज करणाऱ्याला धर्म, भाषा, मुलूख यांतलं काही आठवत असेल का, ते मला कळत नाही. १६ जानेवारी १७११ रोजी कँडीतच त्यांनी देह ठेवला. गोव्याला ते परत आलेच नाहीत.

१९९५ साली पोपनी त्यांना धन्य घोषित केलं ते कोलंबोत. २०१५ साली संत घोषित केलं तेही कोलंबोच्या समुद्रकिनाऱ्यावर. गोव्यात पिकलं आणि लंकेत विकलं. म्हण खरी ठरली, विषय संपला.

पण तो माझ्यापुरता संपत नाही, कारण मी पारगावचा. आंबेगाव तालुक्यातलं, भीमाशंकर साखर कारखान्याचं पारगाव. या मुलखात बसून ही म्हण तपासून पाहिली की ती डळमळते. नारायणगावच्या टोमॅटो बाजारात जा. सकाळी तोडलेला माल क्रेटमध्ये भरून तिथं येतो आणि तिथंच विकला जातो. म्हणजे पिकतं तिथंच विकतं. मग नीट पाहिलं की कळतं, घेणारा व्यापारी बाहेरचा, गाडी लागते ती परराज्यात जायला. म्हणजे माल विकला इथं, पण भाव ठरवला परमुलखानं. कांद्याचं त्याहून वेगळं. कांदा थांबू शकतो. बराखीत पडून राहतो, भावाची वाट पाहतो, आणि वाट पाहता पाहता एखाद्या वर्षी सडतोही. उसाला ही मुभाच नाही. तोडलेला ऊस वेळेत गाळला नाही तर वजन घटतं, उतारा घटतो. उसाला लांब जाता येत नाही. त्याला पिकतं तिथंच विकावं लागतं, जवळच्या कारखान्याला.

माणसांतही असे ऊस असतात, असं मला वाटू लागलं. जुन्या गोव्याच्या त्या घरात वाझ यांच्यामागे जे राहिले त्यांची आठवण कुणाला आहे? त्यांनी घर चालवलं, नवी माणसं तयार केली, एकामागून एक लंकेला धाडली. नुसत्या गोवेकरांनी परमुलखात दीडशे वर्षांच्या आसपास चालवलेलं ते काम होतं. संस्थापक दूर जाऊन संत झाला, आणि मागं राहणाऱ्यांनी धान्याचा हिशेब, गळकं छप्पर आणि आजारी म्हातारे सांभाळले. १८३४ साली पोर्तुगालनं सगळे धर्मसंघ बरखास्त केले, त्यात ओरेटरीही गेली. त्या चर्चचे आता अवशेषच उरले आहेत. जाणाऱ्याचं मोठेपण कमी करायचं नाही मला. पण राहणाऱ्याचं मोजायचं माप आपल्याकडे नाही, ही गोष्ट टोचते.

इथवर मी राहणाऱ्यांच्या बाजूचा होतो. मग एक गोष्ट आडवी आली. युरोपीय संघांनी देशी माणसाला दार बंद केलं म्हणून जे घर उभं राहिलं, त्या घराचंही दार सगळ्यांना उघडं नव्हतं. ब्राह्मण कुळांतून ख्रिस्ती झालेल्या घराण्यांतलेच धर्मगुरू तिथं घेतले जात. धर्म बदलून पिढ्या लोटल्या, तरी उंबरठा जागच्या जागी राहिला. ज्यानं कँडीत अनोळखी रोग्याचं अंग पुसलं, त्याच्या स्वतःच्या घरात शेजारच्या गावच्या दुसऱ्या जातीच्या ख्रिस्ती माणसाला जागा नव्हती. हा दोष एकट्या वाझ यांच्या माथी मारता येत नाही. तो काळ तसा होता, समाज तसा होता. तरीही मनात येतं, गोव्यात राहून त्यांना तसं काम करता आलं असतं का? परमुलखात समोरचा रोगी नुसता रोगी असतो. घरी तो अमक्याचा मुलगा, तमक्या वाड्यातला, बांधावरून भांडलेला असतो. दूर गेल्यावर माणूस मोठा होतो की दूर गेल्यावर त्याच्या पायातली बेडी तुटते?

आमच्या पडवीच्या कोनाड्यात जर्मनचा एक पेला असायचा. बाहेरच्यांचा. हंगामात ऊसतोडीची टोळी उतरली की तिच्यातली एखादी बाई ताक मागायला यायची, तेव्हा तो पेला खाली यायचा. ताक भरपूर असायचं, वर मीठ घातलेलं. देणारा हात आखडता नव्हता. पिऊन झालं की ती बाईच तो विसळून पालथा घालायची. कुणी तिला सांगितलेलं नसे. बीड, नगरकडच्या त्या बाया पहाटे फडात जायच्या. लेकरू बैलगाडीच्या सावलीत साडीच्या झोळीत निजवलेलं, डोक्यावर मोळी, आणि संध्याकाळी कोपीपुढे तीन दगडांची चूल. आता त्याच उसात बिबट्याही असतो, म्हणून झोळीतल्या लेकरावर कुणाची तरी नजर ठेवावी लागते. मुकादमाची उचल फिटेपर्यंत घर दिसायचं नाही. म्हणजे परमुलखात येणारेही सगळे वाझ यांच्यासारखे द्यायला येत नाहीत. बहुतेक जण नाइलाजानं येतात, आणि त्यांना संत म्हणायला कुणी जात नाही.

हे सगळं एका बाजूला ठेवलं तरी शेजारच्या जुन्नरच्या डोंगरांचं काय करायचं, हा प्रश्न उरतो. तुळजा लेणी, लेण्याद्री, मानमोडी, शिवनेरी. दोन हजार वर्षांपूर्वी हे सगळे डोंगर बौद्ध भिक्षूंनी भरलेले होते. तिथल्या ब्राह्मी शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावं आहेत. धान्याचे व्यापारी आहेत. दानाची रक्कम ज्यांच्याकडे ठेव म्हणून ठेवली, त्या बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणी, म्हणजे कारागिरांचे संघ, तेही आहेत. ती बहुधा इथलीच माणसं. त्यांच्यासोबत यवनांची, म्हणजे पश्चिमेकडून आलेल्या परक्यांची, नावंही आहेत. इरिल नावाच्या यवनानं पाण्याची दोन टाकी दिली. चिट नावाच्या यवनानं संघाला भोजनमंडप दिला. कुठून तरी व्यापाराला आलेली ही माणसं असावीत. नाणेघाट चढून आली असतील. त्यांनी परक्या मुलखातल्या भिक्षूंच्या पाण्याची सोय केली. बौद्ध राजानं ख्रिस्ती फादरला कँडीत मोकळीक दिली, त्याच्या कितीतरी आधी आपल्याच डोंगरावर परक्यानं बौद्ध संघाला पाणी दिलं. आणि त्याच डोंगरांत धान्याच्या व्यापाऱ्यांचं दानही कोरलेलं आहे. दूरचा आणि जवळचा, दोघंही. तिथं म्हण कामाला येत नाही.

तर मग काय? दूर जाऊनच सेवा होते, असं म्हणावं तर टाकी खोदायला पैसा देणारे धान्याचे व्यापारी आडवे येतात. घरी राहूनही होते म्हणावं तर कोनाड्यातला पेला आडवा येतो. वाझ सांकवाळला राहिले असते तर त्यांनी तो उंबरठा ओलांडला असता, असं म्हणायचं धाडस मला होत नाही. आणि ओलांडला नसता असं म्हणायचा अधिकार तर मुळीच नाही. पूर्वी वाटायचं, या माणसाचं जगणं सरळ आहे, समजायला सोपं आहे. आता त्यांच्याकडे पाहिलं की आपल्याच गावाकडे पाहावं लागतं, आणि तिथं कुठलंच उत्तर धड बसत नाही.

एवढं मात्र पक्कं माहीत आहे. दर १६ जानेवारीला सांकवाळला फादर वाझ यांचं फेस्त असतं, आणि त्या दिवसांत आमच्याकडे हंगाम ऐन भरात असतो. तुमच्या शिवारातही टोळी उतरत असेल. कुणी दारात आलं तर आधी पाणी द्या, घरातल्या रोजच्या पेल्यातून. नाव-गाव मागून विचारा.