बिनकामाचे फूल

उमेळ्यात फुलाला काम असावे लागते. नायगाव स्थानकाच्या पश्चिमेस, खाडी आणि मिठागरे यांच्या शेजारी वसलेल्या आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याच्या दप्तरातून पालघरच्या दप्तरात वर्ग झालेल्या या गावात, किंबहुना वसईच्या सगळ्याच वाड्यांतून, मोगरा, सोनचाफा, तगर, जास्वंद ही मंडळी पिढ्यान्‌पिढ्या चाकरीत आहेत. पहाटेच्या काळोखात ती खुडली जातात, पाटीत बसून गाडीने दादरच्या फुलबाजारात हजर होतात, आणि तेथून कोणी देवाच्या मस्तकी, कोणी वेणीत, कोणी लग्नमंडपाच्या खांबाला, अशी आपापल्या नेमणुकीवर रवाना होतात. बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या, काठी वाढलेल्या माणसाला फूल दिसताच आधी त्याचा भाव आठवतो, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही. ज्या फुलांनी घरोघरच्या मुलांच्या फिया भरल्या, त्यांच्याकडे निव्वळ सौंदर्यदृष्टीने पाहा असे सांगण्याची सनद निबंधकाराला कोणी दिलेली नाही.

अशा गावात मी अँटिर्‍हिनमचे बी पेरतो. रोपवाटिकेत त्यालाच कोणी स्नॅपड्रॅगन म्हणतो, कोणी डॉग फ्लॉवर. उभ्या दांड्यावर खालून वर उमलत जाणारी, मिटलेल्या दोन ओठांची, पिवळी, गुलाबी, किरमिजी फुले; बाजूंनी हलकेच दाबली की तोंड उघडते, सोडली की मिटते. शेजारच्या वाडीतल्या आजीबाईंनी ती प्रथम पाहिली तेव्हा कमरेवर हात ठेवून जाब विचारला होता, “देवाला नाय चालत, वेणीत नाय टिकत, मग लावलंस कशाला?” या कैफियतीला आजतागायत माझ्याजवळ उत्तर नाही.

पण बियांविषयी मात्र पुष्कळ सांगता येईल. एका ग्रॅममध्ये सहा-सात हजार भरतील इतके ते बी सूक्ष्म. पुडी फोडताना श्वास जोरात सुटला तर निम्मा ऐवज शेजाऱ्याच्या हद्दीत जमा व्हावा. आमच्याकडे पेरणे याचा अर्थच मातीआड करणे असा आहे. भात असो, वाल असो, बी अंधारात गाडले म्हणजे शेतकऱ्याच्या जिवाला स्वस्थता. हे बी मात्र उजेड पाहिल्यावाचून नीटसे रुजत नाही. म्हणून चाळलेले शेणखत, वाळू आणि काथ्याचा भुसा यांचे मिश्रण पसरट कुंडीत समतल करावे, आधीच भिजवून घ्यावे, कोरड्या वाळूत कालवलेले बी चिमटीने वर भुरभुरावे, तळहाताने किंचित दाबावे, आणि मग हात मागे घ्यावा. वर माती लोटण्याची जी अनावर इच्छा होते तिला आवरणे हाच या पेरणीतील खरा अवघड भाग होय. पाणी वरून घालायचे नाही, कुंडी परातीत ठेवून खालून शोषू द्यायचे. आठवड्या-दोन आठवड्यांत त्या काळ्या पृष्ठभागावर हिरवी धूळ बसल्यासारखी दिसते. ती धूळ म्हणजेच रोपे. याच वयात बुंध्याशी कुजून रातोरात कोलमडण्याचा रोग त्यांना गाठतो, आणि त्यावर दाटी विरळ करणे आणि वारा खेळता ठेवणे याहून मोठा उपाय घरगुती माळ्याकडे नसतो.

हंगामाचा प्रश्न त्याहून गहन आहे. हे झाड भूमध्य समुद्राच्या पश्चिम किनाऱ्याचे. तेथे पाऊस थंडीत पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. आमच्याकडे पाऊस उकाड्यात कोसळतो आणि थंडी कोरडी असते. दोन्ही हवामानांचा मेळ बसतो तो केवळ कार्तिकापासून माघापर्यंत, आणि तोही निम्माच. थंडी निसर्ग देतो, पाऊस झारीने पाडावा लागतो. आश्विनातल्या तापत्या उन्हात घाईने पेरले तर बी रुजण्यास कुरकुरते, आणि मार्गशीर्षापर्यंत रेंगाळले तर फुले येता येता उन्हाळ्याचा अंमल सुरू होतो. दिवाळीच्या आगेमागे पेरावे हे उत्तम. तीन-चार पानजोड्या झाल्या की शेंडा खुडावा. मन घट्ट करून खुडावा, कारण त्यानंतरच बगलेतून फांद्या फुटतात. पुढे पानांमागे तांबेरा दिसू लागला तर ते पान तत्काळ काढून टाकावे. खारट पाण्याविषयी उमेळेकरांना मी काय सांगावे?

इबेरियात, म्हणजे स्पेन-पोर्तुगालकडे, हेच झाड जुन्या भिंतींच्या भेगांत आपोआप उगवते. १५३४ पासून १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेईपर्यंत या मुलखावर हुकमत गाजवणाऱ्या पोर्तुगीजांच्या ओळखीचे ते असणारच. परंतु त्यांच्या किल्ल्याच्या तटांतील भेगा आज वड-पिंपळांच्या ताब्यात आहेत, आणि चार महिने धो धो पाऊस झेलणाऱ्या भिंतीवर त्यांचाच हक्क शाबीत व्हावा हे योग्यही आहे.

मिटलेल्या ओठांमागचा मध हलक्या कीटकाच्या हाती लागत नाही. खालच्या ओठावर वजन टाकून आत शिरण्याइतका अंगाने भारदस्त प्राणी लागतो. युरोपात ते काम केसाळ, गुबगुबीत भुंगमाशी करते. माझ्या अंगणात वाशांना भोके पाडणारा काळा भुंगा तिच्या बदली येतो, आणि आत शिरून पाठीवर पिवळा पराग घेऊन बाहेर पडतो. क्वचित मात्र दरवाजा टाळून फुलाच्या नळीला बाहेरूनच चीर देतो आणि मध लांबवतो. घराचे वासे पोखरणाऱ्याकडून याहून सरळ वर्तनाची अपेक्षा मी करीत नाही.

बिनकामाचे म्हटले खरे, तरी एका खात्यात हे फूल रुजू झाले होते. डार्विनने ओठांचे नेहमीचे फूल आणि ओठ नसलेले, नळीसारखे सम आकाराचे फूल यांचा संकर केला. पहिल्या पिढीची सारी फुले ओठांचीच निघाली, आणि त्यांच्या संततीतील १२७ रोपांपैकी ८८ ओठांची, ३७ सम आकाराची आणि २ मधल्या घडणीची. हे आकडे त्याने १८६८ मध्ये छापले. तीनास एक हे प्रमाण त्यांत अर्धवट झाकलेले आहे, आणि वाटाण्यांवरून ते उघड करणारा मेंडेलचा निबंध दोनच वर्षांपूर्वी प्रसिद्ध झाला होता; पण पुरावा दाखल होऊनही डार्विनच्या दरबारी निकाल लागला नाही. माणसाच्या हाती खरे आकडे असावेत आणि त्यांचा अर्थ दुसऱ्याच्या कागदांत असावा, ही गोष्ट मला फार विलक्षण वाटते.

फाल्गुनात झाडे तळापासून पिवळी पडतात. बोंडे वाळली की त्यांच्या डोक्याला तीन छिद्रे पडतात, दोन डोळे आणि एक वासलेले तोंड अशी चिमुकली कवटीच दिसते, आणि कागदावर उपडी केली की बी झरते. बाजारच्या संकरित बियांपासून झालेल्या झाडांचे हे बी पुढल्या वर्षी मूळचाच रंग देईल याची हमी नसते. घरपट्टीच्या पावत्यांच्या फाइलीत मी त्याची पुडी ठेवतो. यंदा आजीबाईंनीही चिमूटभर मागून नेले आहे, जाताना बजावून गेल्या, “पण ह्यातून माळेला चालंल असं काय निघालं, तर आदी मला सांग.”