चौकट खरी, मजकूर खोटा

संकेतस्थळांची सुरक्षा तपासणं हे माझं काम. त्यामुळे सणासुदीला चार माणसं जमली की दोन-तीन मोबाइल हमखास माझ्या हातात येतात. तक्रार ठरलेली: ‘फोनमध्ये व्हायरस शिरलाय.’ पडद्यावर सारख्या पाट्या उतरत असतात. तुमच्या फोनमध्ये पाच व्हायरस, तुमचं खातं बंद होणार, तुम्हाला बक्षीस लागलं. मध्येच एखादं असं चित्र, की पोराबाळांसमोर फोन काढायची सोय नाही. कुणी अँटीव्हायरस टाकून पाहिलेला असतो, कुणाला दुकानदाराने फोन ‘फॉरमॅट मारायला’ सांगितलेलं असतं. अँटीव्हायरसला बहुतेक वेळा काही सापडत नाही, कारण व्हायरस नसतोच. असते ती एक परवानगी, आणि ती फोनच्या मालकानेच दिलेली असते.

ही परवानगी म्हणजे साइटला नोटिफिकेशन पाठवू देण्याची. एप्रिल २०१५ मध्ये क्रोम ब्राउझरच्या ४२व्या आवृत्तीत ही सोय आली. साइट उघडलेली नसतानाही तिचा निरोप वाचकापर्यंत पोचावा, एवढाच हेतू. ताजी बातमी, आलेली मेल, पार्सलची खबर. एकदा परवानगी दिली की साइटचा एक छोटा प्रोग्राम ब्राउझरमध्ये मुक्काम ठोकतो. पान बंद करा, टॅब बंद करा, निरोप येत राहतात.

परवानगी विचारणारी ती छोटी चौकट ब्राउझर स्वतः काढतो. ‘अमुक साइट नोटिफिकेशन दाखवू इच्छिते’, खाली ‘अलाऊ’ आणि ‘ब्लॉक’. साइटवाल्याला त्यातलं एक अक्षरही बदलता येत नाही. मग तो चौकटीबाहेरचं पान रंगवतो. ‘तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाऊ दाबा.’ ‘व्हिडिओ तयार आहे, अलाऊ दाबा.’ ‘वय अठराच्या वर असल्यास अलाऊ दाबा.’ सावकार वाचून दाखवायचा एक आणि अंगठा घ्यायचा दुसऱ्याच कागदावर, तीच ही रीत. कागद खरा असतो, वाचून दाखवलेलं खोटं.

म्हणून पडद्यावरचं कुठलं वाक्य कोण बोलतंय, ब्राउझर की पान, हे आधी पाहावं. तुम्ही माणूस आहात की नाही याची खरी परीक्षा पानाच्या आतच होते: चौकोनात टिक करा, सिग्नल असलेली चित्रं निवडा. तिला नोटिफिकेशनची परवानगी लागत नाही. व्हिडिओ चालवायला लागत नाही, पीडीएफ उतरवायला लागत नाही, वय सांगायलाही नाही. कॉम्प्युटरवर ही चौकट वर, पत्त्याच्या पट्टीजवळ येते, आणि ठगांच्या पानावर तिच्याकडे रोखलेला भलामोठा बाण असतो. चौकटीला हात लावता येत नाही म्हणून बाणाची सोय! माझ्या लेखी तो बाण म्हणजे चोराने स्वतःच मागे ठेवलेला पुरावा.

‘ब्लॉक’ दाबूनही सुटका होतेच असं नाही. परवानगी किंवा नकार त्या एका पत्त्यापुरताच असतो. नकार मिळाला की पान तुम्हाला जरा बदललेल्या पत्त्यावर ढकलतं, तिथे पुन्हा तोच प्रश्न. माणूस कंटाळून ‘अलाऊ’ म्हणेल, यावरच सगळी भिस्त. अशा वेळी वाद घालू नये, टॅबच बंद करावा.

फुकट सिनेमे आणि क्रिकेटचं चोरटं प्रक्षेपण हे इथे पोचण्याचे नेहमीचे रस्ते. पण ‘मी भलत्या साइटवर गेलोच नव्हतो’ असं एखादे काका शपथेवर सांगतात, तेव्हा मी त्यांच्यावर विश्वास ठेवतो. वर्डप्रेसवर चालणाऱ्या सरळ साइटमध्ये घुसून तिथले वाचक खोट्या रोबो-परीक्षेकडे वळवण्याचा उद्योग वर्षानुवर्षं चालू आहे. ‘सुकुरी’ या सुरक्षा कंपनीने २०२३ मध्ये ‘बलाडा इंजेक्टर’ नावाच्या अशा एका मोहिमेचा हिशोब मांडला: २०१७ पासून अंदाजे दहा लाख साइट बाधित. लाजेपोटी लोक विचारत नाहीत, आणि पाट्या पडत राहतात.

त्या पाटीचं चित्र आणि शीर्षक पाठवणारा ठरवतो. बँकेचं चिन्ह लावेल, नामांकित अँटीव्हायरसचं लावेल. मात्र साइटचा पत्ता बारीक अक्षरांत ब्राउझर स्वतः छापतो. तो वाचावा, सोंग तिथेच उघडं पडतं.

ब्राउझरवाले उशिरा का होईना जागे झाले. जानेवारी २०२० पासून फायरफॉक्स, आपण पानावर काही दाबल्याशिवाय ही चौकट समोर आणत नाही. क्रोमनेही त्याच वर्षी त्रासदायक साइटची चौकट दडवायला सुरुवात केली. आयफोनवर ही सोय मार्च २०२३ मध्ये आली, तीही होम स्क्रीनवर मुद्दाम जोडलेल्या साइटपुरती. म्हणून माझ्याकडे येणारे फोन बहुतेक अँड्रॉइडचे.

उपाय दोन मिनिटांचा. क्रोममधले तीन ठिपके, सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. तिथे परवानगी दिलेल्या साइटची यादी असते. ओळखीचं नाही ते नाव बंद करा. ओळखीचं असून नको असेल तर तेही. फोन फॉरमॅट करायची गरज नाही.

मात्र त्या पाटीवर बोट ठेवून कुणी कार्डाचा नंबर किंवा ओटीपी दिला असेल, एखादं ॲप उतरवलं असेल, तर प्रकरण नुसत्या परवानगीचं राहत नाही. ते ॲप काढा, बँकेला कळवा आणि पैसे गेले असतील तर १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा. घरात कोण रागावेल, याचा विचार नंतर.